चाकावरची जाळी

शेडच्या पत्र्याच्या दाराची कडी खणकन वाजली आणि दुपारचं निजलेलं घर दचकलं. मनूच्या पापण्या हलल्या. मी श्वास धरून तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत होतं. ती पुन्हा झोपेत बुडाली, तेव्हा एकेक बोट उकलत मी ते सोडवून घेतलं आणि मागच्या दारानं बाहेर आले.

शनिवारी जेवण झालं की आण्णा, म्हणजे माझे सासरे, शेडमध्ये जायचे. तिथं त्यांची जुनी मोटरसायकल उभी असायची. ती पुसायचे. नुसती पुसायचे. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण ती गाडी शेडच्या बाहेर आलेली मी कधी पाहिली नव्हती. बाजाराला आण्णा सायकलवरनं जायचे, कोल्हापूरला एसटीनं, आणि जयसिंगपुरात इकडंतिकडं पायी. नवी नवरी असताना मी नवऱ्याला, अभिनंदनला विचारलं होतं. "आई त्या गाडीवरनं पडून गेली," एवढंच तो म्हणाला. तेव्हा तो दहावीत होता. "आण्णांना विचारू नको." मी विचारलं नाही. मनूला मात्र ती 'आजीची गाडी' एवढंच ठाऊक होतं.

"आण्णा, उद्या दहाला निघायचं ना?"

"निघू की." ते मागच्या चाकाच्या तारांमधून फडकं ओवत होते. एका तारेवरून दुसरीवर, सावकाश.

"शांतीकाकांना फोन केलात?"

फडकं थांबलं. "केला. गाडी तयार आहे म्हणाला."

"किंमत तीच ना, बाहेर बोर्डावर लिहिलीय ती?"

"ते त्याचं तो सांगेल की." आणि फडकं पुन्हा हलायला लागलं.

मला काही खटकलं नाही. त्या दिवसांत माझं डोकं सोमवारच्या पुढं जातच नव्हतं. कुरुंदवाडच्या एका डॉक्टरीणबाईंनी नवीन लॅब काढली होती आणि रक्त तपासायला त्यांना माणूस हवं होतं. मनू झाली तेव्हा मी मिरजेची नोकरी सोडली होती. मधे दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, दोन्ही वेळा 'जायचं कसं' यावर गाडं अडलं. या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "उपाशीपोटी रक्त द्यायला लोक सातला दारात उभे असतात. सोमवारी सातला याल तर तुमचं, नाहीतर दुसरी मुलगी बघून ठेवलीय." सकाळच्या एसटीचा भरवसा नव्हता. दुचाकी चालवायचं लायसन्स मात्र माझ्याकडं कॉलेजपासून होतं.

पैसे माझे होते. थोडे जुन्या पगारातले, थोडे गल्लीतल्या बायकांच्या भिशीतले. बोर्डावरच्या किमतीला, विमा-नोंदणी धरून, बेताचे पुरत होते. कर्जाची गाडी दारात नको, हा आण्णांचा शब्द होता आणि तो मी मानला होता. पैसे कमी पडले तर दिवाळीत अभिनंदन गुजरातहून येईपर्यंत थांबायचं, हेही ठरलं होतं. पण दिवाळीला ती नोकरी कुणाची असणार, हे मला पक्कं माहीत होतं.

मी घाबरले नव्हते. खरं सांगायचं तर मजेत होते. रात्रीच्या पोळ्यांची कणीक मळताना मी चक्क गुणगुणत होते.

रविवारी सकाळी आम्ही तिघं शोरूमला पोचलो. मनूनं जिद्दीनं वाढदिवसाचा फ्रॉक घातला होता. आण्णांनी स्वच्छ धोतर, टोपी. शांतीकाका उपाध्ये काचेचं दार उघडून स्वतः पुढं आले. आण्णांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्या वडिलांनी हे दुकान काढलं तेव्हा तिथं दोन मोटरसायकली आणि एक बाकडं होतं म्हणे. आता फरशीत तोंड दिसत होतं.

"या सूनबाई. बापू, ये बस. चहा सांगतो."

"मला इथंच बरं आहे," म्हणत आण्णा दाराजवळच्या खुर्चीत रस्त्याकडं तोंड करून बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

काउंटरवर रुबिना होती. माझ्याच वयाची, डोक्यावर दुपट्टा, बोलायला फटाकडी. तिनं माझ्यापुढं कागद सरकवला. "हे बघून घ्या ताई. मग पैसे भरले की चावी, फोटो, पेढा."

मी कागद बघितला. गाडीची किंमत बरोबर होती. विमा, नोंदणी, तेही कळत होतं. त्याच्या खाली मात्र ओळीच ओळी होत्या. शेवटचा आकडा मी दोनदा वाचला. माझ्याजवळच्या पैशांपेक्षा तो चांगलाच पुढं गेला होता.

चेहऱ्यावर मी काही येऊ दिलं नाही. रिपोर्ट कितीही वाईट आला तरी पेशंटसमोर भुवई हलवायची नाही, हे लॅबमधलं पहिलं शिक्षण.

"काका, हे हँडलिंग म्हणजे काय?"

"गाडी कंपनीतनं येती, उतरवायची, गोदामात ठेवायची. माणसं लागतात की त्याला."

"म्हणजे तुमचं दुकान चालवायचा खर्च."

"तसंच म्हणा."

"भाजीवाली मला टोपलीचे पैसे लावत नाही काका."

रुबिनाला एकदम खोकला आला.

"असं करा," मी म्हटलं, "हँडलिंगची वेगळी पावती द्या. कशाबद्दल घेतले ते लिहून, वर शिक्का मारून."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वेगळी नसती हो. सगळं एकत्रच असतंय."

"मग एकत्रच काढून टाका. असले पैसे घेऊ नका म्हणून आरटीओनं सांगितल्याचं पेपरात आलं होतं. कात्रण नाही आणलं मी. आणू का?"

काकांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते माझ्या खांद्यावरून दाराकडं, आण्णांकडं बघत होते. आण्णांची पाठ हलली नाही. मग काकांनी रुबिनाला मान डोलावली आणि तिनं लाल पेननं ती ओळ खोडली. जरा जास्तच जोरात खोडली असं मला वाटलं.

"आता हे. सेटिंग आणि तपासणी."

"ते तर लागतंयच ताई," रुबिना म्हणाली. "गाडी खोक्यातनं येती ना. आरसे बसवायचे, बॅटरी चार्ज करायची, हवा, ब्रेक, नटबोल्ट, सगळं बघायचं."

"बघितलंय?"

"बघितलंय म्हणजे काय!" काका म्हणाले. "कालच तयार करून ठेवलीय तुमची गाडी."

"चला तर."

गाडी मागच्या बाजूला उभी होती. आकाशी रंगाची स्कूटर, सीटवर अजून प्लास्टिक. बघताक्षणी मला ती माझी वाटली, आणि म्हणूनच मी तिच्याकडं फार प्रेमानं बघितलं नाही. मागचं चाक अंगठ्यानं दाबलं. चांगलंच दबलं. डाव्या आरशाला हात लावला तर तो गर्रकन फिरून माझ्याकडं पाठ करून बसला. तेवढ्यात मनूनं हॉर्नचं बटण दाबलं. गाडीतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला.

"आई, हिचा घसा बसलाय," मनू म्हणाली. "हिला सर्दी झालीय."

रुबिना सरळ हसली. काकांचे कान लाल झाले.

"काका, पेशंटचं रक्तच न घेता मी रिपोर्टचे पैसे मागितले, तर तुम्ही मला काय म्हणाल?"

"खोड गं," काका रुबिनाला म्हणाले. मग मागं वळून वर्कशॉपकडं ओरडले, "हवा भरा त्या गाडीत! आणि बॅटरी! आणि ते आरसे, सगळं परत बघा!"

"फुकट," मी म्हटलं.

"फुकट, बाई, फुकट."

आम्ही काउंटरशी परत आलो. मला आता चेव आला होता. गंज लागू नये म्हणून कोटिंग. "नव्या गाडीला गंज कशाचा? मग कंपनीनं हा रंग कशासाठी दिलाय, नुसता शोभेला?" ती ओळ गेली. सीटकव्हर, पायपुसणं, चावीची साखळी असलं सगळं मिळून एक किट, त्याच्यापुढं लिहिलेलं 'कंपल्सरी'.

"कुणी केलंय कंपल्सरी?"

"पॉलिसी आहे ताई."

"कुणाची?"

"शोरूमची."

"मग ती शोरूमला कंपल्सरी. मला कशी?"

रुबिनानं काकांकडं बघितलं. काकांनी पुन्हा दाराकडं, आण्णांकडं. मला त्याचा राग यायला लागला होता. पैसे माझे, गाडी माझ्या नावावर, प्रश्न मी विचारतेय, आणि हे उत्तरं द्यायला घरातला पुरुष शोधतायत. आणि तो पुरुष तर रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या बघत बसलाय. आण्णांची अडचण कळत होती मला. अख्खी नोकरी त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. एका गाडीवाल्याला कधी मापात इकडंतिकडं करू दिलं नाही. जयसिंगपुरात 'बापू मगदुमांचा काटा' म्हणून नाव होतं त्यांचं. अशा माणसाची सून त्याच्या दोस्ताच्या दुकानात बसून घासाघीस करतेय, म्हणजे खाली मान घालायचीच वेळ. घालू देत, मी मनात म्हटलं. सोमवारी सातला कुरुंदवाडला मला पोचायचंय, त्यांच्या मानेला नाही.

किट गेलं. शेवटचा आकडा आता माझ्या पैशांत जेमतेम बसत होता. एकच ओळ राहिली होती.

"आणि हे साडी गार्ड, चाकावरची जाळी. हेही काढा. कामावर मी ड्रेसच घालते."

"ते राहू दे."

दाराकडून आवाज आला. आण्णा वळलेले नव्हते. सकाळपासून दुकानात त्यांनी उच्चारलेलं हे दुसरं वाक्य.

"आण्णा, मी साडी नेसून कशाला जाईन? उगाच…"

"राहू दे म्हटलं ना."

ते माझ्याशी कधी असं बोलले नव्हते. आवाज चढलेला नव्हता, पण त्याला पाठीमागं भिंत होती. मनू माझ्या पायाला चिकटली.

मी गप्प बसले. पण हात गप्प बसेनात. काउंटरवर कंपनीचं रंगीत पत्रक पडलं होतं, ते उलटवलं. मागच्या पानावर गाडीबरोबर काय काय मिळतं ते बारीक अक्षरात छापलं होतं. त्यात ते होतंच.

"आण्णा, राहील की," मी म्हटलं. "गाडीबरोबरच येतं ते. कंपनी देतेय. काका, मग याचे पैसे कसले?"

शांतीकाकांनी दोन्ही हात काउंटरवर टेकले. एखाद्या ओझं वाहून आलेल्या माणसासारखे.

"बापू," ते माझ्या डोक्यावरून म्हणाले, "आता मी काय करू ते तूच सांग. तू म्हणालास तसं सगळं लावलं. तुझी सून एकेक उपटून हातात द्यायली. माझ्याजवळ आता लावायला काही राहिलं नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. काल दुपारी फडकं थांबलं होतं ते आठवलं.

"तुम्ही सांगितलं होतं?" मी आण्णांकडं वळले. "आण्णा?"

आण्णा उठले. टोपी डोक्यावर घातली. "मनू, ये. रस पिऊन येऊ," म्हणाले, आणि मनूचा हात धरून दार ढकलून बाहेर गेले. काचेतून मला दिसत होते ते. रस्ता ओलांडताना मनूला त्यांनी कडेवर घेतलं. एवढ्या मोठ्या मुलीला.

रुबिना हळूच उठून मागं निघून गेली.

"काय सांगितलं होतं त्यांनी?" मी विचारलं.

"लावता येईल ते लाव म्हणाला. एक रुपया सोडू नको. तिला परवडायला नको, म्हणजे ती आपणहून नको म्हणेल." काका खुर्चीत बसले. "मी म्हटलं, बापू, तूच नाही म्हण की. तर म्हणाला, पोराला फोनवर हो म्हटलंय. सुनेच्या तोंडावर नाही कसं म्हणू? मग मला पुढं केलं."

"म्हणजे मी नोकरी करायला नको त्यांना."

"नोकरीचं काय नाही हो." काकांनी मान हलवली. "गाडीचं आहे."

"आई गाडीवरनं पडल्या म्हणून?"

काका माझ्याकडं बघत राहिले. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं असेल.

"पडल्या, एवढंच माहीत आहे तुम्हाला?"

"एवढंच."

त्यांनी बाहेर नजर टाकली. समोर रसवंतीच्या बाकड्यावर आण्णा बसले होते. मनू पाय हलवत रस पीत होती. आण्णांच्या हातातला पेला तसाच होता.

"ती मोटरसायकल याच दुकानातनं गेली," काका म्हणाले. "वडील बसायचे तेव्हा काउंटरला. मी असाच बाजूला उभा. त्या वेळी चाकावरची जाळी आम्ही वेगळी लावायचो. बिलात धरायचो. वडिलांनी धरली. तर हा भडकला. म्हणाला, मी काट्यावर बसतो, मला माप शिकवू नका. गाडी घेतलीय तर गाडीचे पैसे घ्या, लोखंडाच्या काड्यांचे कसले पैसे? बरोबरच होतं त्याचं. आता तुम्ही बोललात ना, तसंच. अगदी असंच. एकेक ओळ काढायला लावली."

मी पत्रक हातात धरून उभी होते.

"जाळी बसवलेली होती गाडीला. हा म्हणाला, काढा. वडिलांनाही राग आला. त्यांनी माणसाला सांगितलं, काढ रे, घेऊन जाऊ दे तशीच." काका थांबले. "पुढच्या रविवारी दोघं बाहुबलीला निघाले होते दर्शनाला. नवीन गाडी, तीही नवीन साडी नेसलेली. कुंभोजच्या अलीकडं पदर गेला चाकात."

वर्कशॉपमध्ये कुणीतरी चाकात हवा भरत होतं. यंत्र धडधडत होतं. ते बंद झालं तेव्हा दुकान फार मोठं वाटायला लागलं.

"अभिनंदनला माहीत नाही हे?"

"पडली, एवढंच सांगितलं सगळ्यांना. खोटं नाही ना ते. आम्ही चौघंच होतो त्या दिवशी दुकानात. वडील गेले. जाळी काढणारा गेला. मी आहे आणि तो आहे." काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमच्या वडिलांनी ती फुकट दिली असती तर काय बिघडलं असतं हो? पण त्यांनी पैसे धरले आणि यानं माप काढलं."

"मग तुम्ही अजून पैसे का लावता तिचे?" मी विचारलं. भांडायला नाही. मला खरंच कळून घ्यायचं होतं.

"मधे काही वर्षं फुकट दिली. सगळ्यांना. लोक घरी जायचे आणि काढून टाकायचे. पोरांना गाडी तशी देखणी दिसत नाही म्हणे. मग मी परत पैसे लावायला लागलो. पैसे मोजलेली वस्तू माणूस फेकत नाही. चुकीचं असेल माझं. तुमच्या पत्रकाप्रमाणं तर चुकीचंच आहे. काढून टाकतो ती ओळ."

त्यांनी लाल पेन उचललं. मी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"ती तेवढी राहू द्या."

"अहो, पण तुमचंच बरोबर आहे."

"माझं बरोबरच आहे," मी म्हटलं. "बिल करा. जाळीसकट."

पैसे पुरले. भिशीच्या पाकिटात पेट्रोलपुरते उरले.

मी रस्ता ओलांडून रसवंतीवर गेले. आण्णांनी मला बघितलं आणि बाकड्यावर जरा सरकून जागा केली. मी बसले. मनू उसाचं चिपाड चघळत यंत्राजवळ उभी होती.

"गाडी घेतली," मी सांगितलं.

"बघितलं मी. खोडाखोड चालली होती तेव्हाच कळलं, ही घेणार."

"आण्णा, नको होती तर मला सांगायचं."

"कसं सांगणार? नाही म्हटलं तर नोकरीला नाही म्हटल्यासारखं झालं असतं. नोकरी करच तू."

"आणि सातला पोचले कशी असते?"

"मी सोडलं असतं की. सायकलवरनं."

"कुरुंदवाडला?"

"त्यात काय. पहाटे निघालं म्हणजे झालं. डबलसीट नेलंय मी लोकांना."

मला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. ते त्यांना दिसू नये म्हणून मी त्यांच्या हातातला रसाचा पेला घेऊन एका दमात संपवला. मग पिशवीतून बिल काढून त्यांच्या हातात दिलं. काट्यावरच्या सवयीनं त्यांनी ते वरून खाली वाचलं. खोडलेल्या ओळींवरून त्यांचं बोट भराभर उतरत आलं आणि शेवटच्या, न खोडलेल्या ओळीवर थांबलं. बराच वेळ तिथंच राहिलं. मग त्यांनी समोर दुकानाकडं बघितलं. काचेच्या आत शांतीकाका उभे होते. दोघांपैकी कुणी हात हलवला नाही. आण्णांनी बिलाची घडी घातली आणि माझ्याकडं परत न देता आपल्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"चल," म्हणाले. "उशीर होतोय."

दुकानापुढं गाडी आणून ठेवली होती. चाकाखाली लिंबू, हँडलला झेंडूची माळ. रुबिना पुठ्ठ्याची भलीमोठी चावी घेऊन फोटोला तयार. "आजोबा, तुमच्या हस्ते," म्हणत तिनं ती चावी आण्णांच्या हातात दिली. आण्णांनी ती तशीच माझ्या हातात दिली. "जिची गाडी तिला." फोटोत मनूनं चावीच्या भोकातून डोळा काढला आहे. आण्णा फोटोत नाहीतच. ते तेव्हा खाली वाकून जाळी दोन्ही हातांनी धरून हलवून बघत होते.

"हा आटा ढिला आहे," ते मेकॅनिकला म्हणाले. "अजून एक फेरा दे." त्यानं दिला. आण्णांनी पुन्हा हलवली. "अजून अर्धा." त्यानं अर्धा दिला. मग कुठं ते सरळ उभे राहिले.

"तुम्ही दोघी व्हा पुढं. मी येतो चालत."

मी गाडी चालू केली. मनू पुढं उभी राहिली. मी पाय टेकून तशीच थांबले.

"आण्णा, बसा."

"तू हो पुढं."

"तुम्ही बसल्याशिवाय मी हलणार नाही. काकांच्या दारात गर्दी होईल. मग ते मला उभं राहायचंही भाडं लावतील."

आत रुबिना फिसकन हसली. शांतीकाकांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. आण्णा गाडीकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी धोतराचा सोगा गोळा केला, घट्ट पिळून मांडीखाली दाबला आणि बसले. माझी ओढणी वाऱ्यावर होती. मागून दोन हात आले, त्यांनी ती अलगद उचलली आणि माझ्या कमरेला दोनदा गुंडाळून गाठ मारली.

मी गिअर नसलेल्या त्या गाडीला जणू पहिल्याच गिअरमध्ये घरापर्यंत नेलं. सायकलवाले आम्हाला मागं टाकून जात होते. पाठीमागून अखंड पुटपुट येत होती. आण्णा णमोकार मंत्र म्हणत होते. प्रत्येक खड्ड्याला ते थांबायचे आणि खड्डा गेला की तिथूनच पुढं सुरू करायचे. सर्किट हाउसपर्यंत त्यांची बोटं सीटच्या कडीवर आवळलेली होती. आमची गल्ली आली तेव्हा आरशात मला दिसलं, त्यांनी एक हात सोडून टोपी सारखी केली.

घरी आल्यावर त्यांनीच पुढं होऊन शेडची कडी काढली. जुनी मोटरसायकल त्यांनी थोडी भिंतीकडं सरकवली आणि माझी गाडी तिच्या शेजारी लावून घेतली. सकाळी पाऊणशे प्रश्न पडलेली मी आता नुसती दारात उभी होते. सोमवारी सात वाजायच्या आत मी कुरुंदवाडला असणार होते. मला हे आता कुणाकडूनही ऐकायची गरज नव्हती.

मनू दोन गाड्यांच्या मधे उकिडवी बसली. नव्या गाडीच्या जाळीवरून तिनं बोट फिरवलं, वीणा वाजवल्यासारखं.

"आजोबा, हे कशाला असतं?"

"कपडा चाकात जाऊ नये म्हणून," आण्णा म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

मनू वळली. तिनं जुन्या गाडीच्या चाकाकडं बघितलं. इतक्या शनिवारांच्या पुसण्यानं त्याच्या तारा चांदीसारख्या चमकत होत्या. तिनं हात पुढं केला, तर तो अडला नाही. सरळ तारांमध्ये गेला.

आण्णांचा हात कडीवर होता. तो तिथंच राहिला.

मनूनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"आई, मग आजीच्या गाडीला का नाही लावलं?"